मुलींची फीमाफी: योजनेला पाचपैकी चार, महाडीबीटी पोर्टलला दोन गुण

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी निम्म्याऐवजी पूर्ण माफ झाली. अट: कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत, प्रवेश कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून. मॅनेजमेंट कोट्यात रुपयाही सुटत नाही.

योजना दमदार, पण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या अर्जाची वाट घरातल्या पुरुषाच्या खिशातून जाते. आधारला बहुधा वडिलांचा नाहीतर भावाचा मोबाइल जोडलेला. ओटीपी शेतावर, मुलगी सायबर कॅफेत! म्हणून आधी आधार केंद्रात स्वतःचा नंबर जोडून घ्या. मग स्वतःच्या नावाचं बँक खातं काढून आधार-सीडिंग (त्याच खात्याला आधार जोडलंय का) तपासा. ते दुसऱ्या खात्याला असेल तर माफीचे पैसे तिकडेच जमा होतात. लग्न झालेल्यांची आणखी एक गोची: मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. शिक्षण संपेपर्यंत आधारवरचं नाव बदलू नये, हेच बरं. उत्पन्नाचा दाखला निकालाआधी काढा. नंतर सेतूत रांग लागते.

अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा.

खोलीभाडं, मेस, एसटीचं भाडं या माफीत नाही. आणि ‘परगावी कशाला?’ हा प्रश्न घरात नेमका त्याच खर्चावरून निघतो.