छोट्या हॉलसाठी राखाडी इमल्शन: कोणता ग्रे घ्यावा, कोणता टाळावा

पुण्यातल्या वन किंवा टू बीएचके फ्लॅटमधला हॉल साधारण 10 बाय 14 फुटांचा. खाली आयव्हरी रंगाच्या 2 बाय 2 च्या व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला टेरेसचा स्लायडिंग दरवाजा, वर पांढरीफेक एलईडी ट्यूब. अशा खोलीत मशीनवर टिंट करून, म्हणजे हवी ती छटा मिसळून मिळणारं वरच्या दर्जाचं राखाडी इमल्शन (पाण्यात मिसळून लावायचा भिंतीचा रंग) कसं दिसतं आणि कसं टिकतं, याचं हे परीक्षण आहे. एशियन पेंट्सचं रॉयल, बर्जरचं सिल्क, ड्युलक्सचं व्हेलवेट टच अशी या वर्गातली नावं सगळ्यांना माहीत आहेत. भिंतीला नीट झाकणं आणि पुसता येणं ही कामं या वर्गातला रंग करतो. खोली बिघडते ती बहुतेकदा शेडची झाक चुकल्यामुळे.

निव्वळ राखाडी असा रंग शेडकार्डात जवळपास नसतोच. प्रत्येक राखाडीत निळी, हिरवी, जांभळी किंवा मातकट झाक लपलेली असते आणि बोटभर पट्टीवर ती कळत नाही. ओळखायची सोपी पद्धत अशी: त्याच पट्टीवरची सगळ्यात गडद शेड बघा. ती निळसर दिसली तर वरची फिकी शेडही भिंतीवर निळीच होणार. शिवाय पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, दुकानाच्या रंगीत काउंटरवर नको.

दुकानात सर्वात छान दिसते ती थंड, निळसर, फिकी शेड, आणि आयव्हरी टाइलच्या हॉलसाठी हीच सगळ्यात वाईट. निळ्याच्या शेजारी पिवळा जास्त पिवळा दिसतो, त्यामुळे चांगली स्वच्छ टाइल जुनाट, चहा सांडल्यासारखी वाटू लागते. त्यात 6500 केल्विनची ट्यूब (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) लागली की रात्री भिंत दवाखान्यासारखी दिसते. ही शेड शोभते ती जुन्या इमारतींतल्या करड्या मोझॅकवर किंवा पांढऱ्याशुभ्र फरशीवर. इतर ठिकाणी टाळा.

आयव्हरी टाइलवर चालतो तो उबदार राखाडी, म्हणजे ज्यात किंचित मातकट झाक आहे. फरशीतला पिवळेपणा हा रंग सामावून घेतो आणि सागवानी दार, पितळी समई, दारावरचं झेंडूचं तोरण त्याच्यासमोर उठून दिसतं. जुन्या वाड्यांचे काळ्या दगडाचे चौथरे आणि त्यावरचं सागवानी लाकूड आठवा, जोडी तीच आहे. शेडकार्डावर एलआरव्ही, म्हणजे रंग किती प्रकाश परत फेकतो तो 0 ते 100 मधला आकडा छापलेला असेल, तर या हॉलसाठी 55 ते 70 च्या मधली शेड घ्या. पन्नासच्या खाली गेलात तर दिवसाही दिवे लावावे लागतील. सत्तरच्या वर राखाडी हा मळलेल्या पांढऱ्यासारखा वाटतो.

चारकोल चारही भिंतींना कधीच नको. टीव्हीच्या मागच्या एका भिंतीला तो उत्तम, कारण काळा पडदा त्यात विरघळतो. मात्र गडद मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या रंगावर बोटांचे, सोफा घासल्याचे ओरखडे पांढरट उमटतात आणि ओल्या फडक्याने जोरात पुसलं की तेवढाच भाग चकाकायला लागतो. लहान मुलं असतील तर ही भिंत जाण्यायेण्याच्या वाटेवर घेऊ नका.

शेड पक्की करण्याआधी नमुना मारून बघणं सोडू नका. सॅम्पलची छोटी बाटली मिळाली तर ती, नाहीतर एक लिटरचा डबा घ्या आणि प्रायमर मारलेल्या 2 बाय 2 फुटांच्या प्लायवर दोन हात द्या. जुन्या भिंतीवर थेट मारलं तर आजूबाजूचा क्रीम किंवा पिस्ता रंग डोळ्याला फसवतो. इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी. हा तुकडा फरशीला टेकवून सकाळी आठला, दुपारी तीनला आणि रात्री दिवा लावून बघा, आणि प्रत्येक वेळी भिंत बदला. पश्चिमेच्या टेरेसमधून संध्याकाळी येणारं ऊन राखाडीला सोनेरी करतं, उत्तरेच्या खिडकीतला उजेड निळसर करतो, आणि बाहेर मोठं झाड असेल तर भिंतीवर हिरवट सावट येतं.

दिव्यांचा मुद्दा रंगाइतकाच मोठा. 6500 केल्विनखाली राखाडी गार पडतो, 3000 खाली मातकट झाक जास्तच पिवळी होते. 4000 केल्विनचा, नॅचरल व्हाइट म्हणून विकला जाणारा दिवा या रंगाला सगळ्यात योग्य. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, 80 च्या वर हवा, 90 मिळाला तर उत्तम. हॉल 140 चौरस फूट, म्हणजे 13 चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे दिवा देतो तो एकूण उजेड आणि लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन. 200 लक्स उजेडाला हिशेबाने 2600 ल्युमेन लागतात. पण राखाडी भिंत पांढरीपेक्षा जास्त उजेड शोषते, म्हणून 4000 च्या आसपास धरा. 2000 ल्युमेनच्या दोन ट्यूब समोरासमोरच्या भिंतींवर लावल्या की काम भागतं. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, दिवे घेताना दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच केल्विनचे घ्या. वेगळे लागले तर एकच भिंत दोन रंगांची दिसते.

आता प्रमाण. 48 फूट परिघ गुणिले साडेनऊ फूट उंची म्हणजे 456 चौरस फूट. त्यातून दोन दारं आणि टेरेसचा दरवाजा वजा केला की सुमारे 370 उरतात. या वर्गातलं इमल्शन दोन हातांत लिटरमागे साधारण 120 ते 140 चौरस फूट जातं, म्हणजे तीन लिटर. चार लिटरचा डबा घ्या. एकेक लिटरचे डबे वेगवेगळ्या दिवशी टिंट करून आणू नका. मशीनवर किंचित फरक पडतो आणि भिंतीच्या मध्यावर जोड दिसतो. एकापेक्षा जास्त डबे झालेच तर सुरू करण्यापूर्वी मोठ्या बादलीत सगळे एकत्र करा.

राखाडीत कारागिरीची चूक पांढऱ्यापेक्षा लवकर उघडी पडते. पुट्टीवर प्रायमरचा हात टाळला की भिंत रंग कमीजास्त पिते आणि धब्बे उठतात. पेंटरने दुसऱ्या हातात पाणी वाढवलं की पट्टे दिसतात, म्हणून डब्यावर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण मापानेच घालायला सांगा. एक भिंत एका दमात संपवायची. मध्येच चहाला थांबलं तर वाळलेल्या कडेवर रोलरची रेघ कायमची राहते. फिनिशमध्ये मॅटला आमची पसंती. टेरेसमधून तिरपा उजेड पडला की चकचकीत फिनिशवर पुट्टीची प्रत्येक लाट मोजता येते. छत पांढरंच ठेवा.

ओल असेल तर राखाडीचा विचार आधी बाजूला ठेवा. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस झोडपतो त्या बाहेरच्या भिंतीवर क्षार फुलले, तर ते या रंगावर पांढऱ्या बुरशीसारखे लांबूनही दिसतात. दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि 24 तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला बाष्प दिसलं तर बाहेरच्या भेगा भरून, भिंत सुकल्यावरच काम सुरू करा. रंगकामाला ऑक्टोबर ते मे बरा. जुलै-ऑगस्टमध्ये करायचंच असेल तर दोन हातांमध्ये चार तासांऐवजी पूर्ण दिवस सोडा.

सामानाबद्दल थोडक्यात. सोफाही राखाडी असेल तर तो भिंतीपेक्षा शेडकार्डावर किमान दोन पायऱ्या गडद हवा, नाहीतर दोन्ही एकमेकांत बुडतात. पडद्यांचा रॉड छताजवळ लावा. सहा फुटांच्या दरवाजाला सात फुटांचा रॉड आणि चार फूट रुंदीचे चार पडदे लागतात, तेव्हाच बंद केल्यावर चुण्या राहतात. गालिचा पाच बाय सात, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर येतील असा. उठावाला एकच रंग निवडा. खणाचे चार अभ्रे एवढ्या हॉलला पुरेसे आहेत.

उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकून, उन्हापासून दूर ठेवा आणि डब्यावर शेड क्रमांक, फिनिश, टिंट केल्याची तारीख आणि पाण्याचं प्रमाण लिहा. पुढे टचअप करताना पाणी कमीजास्त झालं तर तोच रंगही ठिगळासारखा दिसतो. मोठा डाग असेल तर ठिपका न मारता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्या.