कॉपर पेप्टाइड की ट्रेटिनॉइन-मिनॉक्सिडिल?

सुरकुत्यांसाठी आणि केसांसाठी कॉपर पेप्टाइड (जीएचके-कॉपर) घ्यावं का, असा प्रश्न आहे. त्याचं निळं सीरम बघून मोह होतो हे मान्य, पण तो निळा रंग तांब्याचा असतो, त्यावरून ते काम करतं असं काही ठरत नाही.

जीएचके-कॉपर म्हणजे ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन अशी तीन अमिनो अ‍ॅसिडची साखळी आणि तिने धरून ठेवलेलं तांबं. लॉरेन पिकार्टने १९७३ मध्ये हे पेप्टाइड माणसाच्या रक्तातच शोधलं. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये प्रयोगशाळेच्या प्लेटमधल्या फायब्रोब्लास्ट पेशींवर (त्वचेतल्या कोलॅजन बनवणाऱ्या पेशी) ते टाकलं तर कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, वाढलं, तेही नॅनोमोलर किंवा त्याहून कमी मात्रेत, म्हणजे जवळपास नाहीच म्हणावं इतक्या. भारी आहे, पण प्लेटमधली पेशी उघडी असते हो, चेहऱ्यावर मात्र मेलेल्या पेशींचा तेलकट थर असतो आणि हा रेणू छोटा असला तरी पाण्यात विरघळणारा, मग आत किती पोचणार?

ट्रेटिनॉइन, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातलं सुरकुत्यांवर लावायचं औषध, त्याची गोष्टच वेगळी, त्याच्या चाचण्या खऱ्या चेहऱ्यांवर झाल्यात. फक्त सुरुवातीला सालं निघतात, लाली येते, डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि गरोदरपणात तर अजिबात नको. ज्यांना ते झेपत नाही त्यांनी पेप्टाइड लावून बघायला माझी ना नाही, अपेक्षा बेताच्या ठेवा म्हणजे झालं.

केसांचं मात्र मला पटत नाही. २००७ च्या कोरियन प्रयोगात शरीराबाहेर काढलेले फॉलिकल (केसांची मुळं) एएचके-कॉपरमध्ये (हा जीएचकेचा भाऊच, ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलनिन) ठेवले तर केस लांब वाढले, पण टक्कल पडणाऱ्या डोक्यात डीएचटी हे हार्मोन सतत फॉलिकल बारीक करत असतं, ते त्या प्लेटमध्ये कुठंय? मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध उलट माणसांपासूनच सुरू झालं, बीपीची गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्याला लावून बघितलं, आणि १९८८ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली. पहिले काही आठवडे केस जास्तच गळतात, लोक घाबरून तिथेच सोडतात, निदान चार महिने तरी द्या, आणि बंद केलं की आलेले केस जातात हेही आधीच माहीत असू द्या. म्हणून केसांसाठी आधी मिनॉक्सिडिल, वर हौस म्हणून पेप्टाइड.

घेतलंच तर व्हिटॅमिन सीच्या सीरमसोबत थापू नका, तांब्याने व्हिटॅमिन सी खराब होतं आणि अ‍ॅसिडमध्ये पेप्टाइडचीही तांब्यावरची पकड सुटते, एक सकाळी एक रात्री ठेवा. आणि 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेल्या बाटलीतली पेप्टाइडची पावडर पाण्यात घोळून घरी टोचून घ्यायचा उद्योग तर नकोच.