आठ महिने दर रविवारी स्पीकर-हेडफोन तपासल्यावर

मी मिरजेत घरूनच ऑनलाइन गाणं शिकवते. विद्यार्थी रेकॉर्डिंग पाठवतात, ते ऐकून मी त्यांना चुका कळवते. माझ्या कानाशी जे पोचतं त्यावर त्यांचं शिकणं अवलंबून असतं, तरी मार्चपर्यंत माझी तपासणी एवढीच होती: गाणं लावायचं, आवाज आला की कामाला लागायचं.

मार्चमध्ये एका मुलीनं यमनची बंदिश पाठवली. डावीकडे तबला, उजवीकडे तानपुरा, मधोमध तिचा गळा. मला तबला-तानपुरा व्यवस्थित ऐकू येत होते, गळा मात्र विहिरीतून आल्यासारखा पुसट. "आवाज दाबतेस, मोकळा लाव," असं मी तिला कळवलं. तिनं बिचारीनं तीनदा पुन्हा गायलं. शेवटी मी तेच मोबाइलवर लावलं, तर गळा अगदी समोर, स्वच्छ. दोष माझ्या हेडफोनच्या पिनेत होता. साध्या 3.5 मिमी पिनेचं टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्याची आणि शेवटची दोन्हींच्या परतीच्या वायरीची. ती परतीची वायर तुटली की दोन्ही कानांत फक्त डाव्या-उजव्यातला फरक उरतो. मधोमधचा आवाज दोन्हीकडे सारखा, म्हणून नेमका तोच गळून पडतो आणि त्याचा थोडा घुमारा तेवढा राहतो. मी तिची माफी मागितली. ती तीन रेकॉर्डिंग मला अजून टोचतात.

त्याच आठवड्यात ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी तपासणीची फाइल बनवली. आधी माझ्याच आवाजात "डावा", फक्त डावीकडून; मग "उजवा"; मग दोन्हीकडून "मधला". संगणकाच्या सेटिंगमधल्या चाचणीनं डावा-उजवा कळतो, पण माझा दोष सगळ्यात ठळक कळतो तो "मधला"मध्ये. बोललेला शब्द ठेवला कारण माणसाच्या आवाजातला बिघाड कानाला लगेच खटकतो.

गणपतीच्या आवराआवरीत स्पीकरच्या वायरी काढल्या होत्या. पुन्हा जोडताना एका स्पीकरला लाल-काळी उलटी लागली. दोन्ही स्पीकर वाजत होते, डावा-उजवाही बरोबर. पण "मधला" मधोमध बसेना, खोलीभर पसरल्यासारखा वाटे आणि डग्गा पोकळ झालेला. वायरी बदलल्या, डग्गा जागेवर आला.

फाइलचा पुढचा भाग म्हणजे 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा एकच सूर. याच्यामुळे उजव्या स्पीकरची करकर सापडली. ती एका ठरावीक उंचीवरच यायची, पुढची जाळी सैल झाली होती. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, साधारण 69 हर्ट्झवर असतो. संगणकाच्या लहान स्पीकरमधून तो मूळ सूर जवळजवळ येतच नाही, त्याच्यासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू सूर तेवढे ऐकू येतात. म्हणून पुरुष विद्यार्थ्यांची खर्जसाधना मी हेडफोनवरच ऐकते. वरच्या टोकाला मला 13,000च्या पुढे काही ऐकू येत नाही, माझ्या मुलीला येतं. हा वयाचा फरक आहे, स्पीकरचा नाही. तिथे आवाज वाढवू नका, कान आणि स्पीकर दोन्ही दुखावतील. ही फाइल मी नेहमी बारीक आवाजातच लावते.

ब्लूटूथ हेडफोन वर्गात वापरणं मी बंद केलं. गाणी ऐकताना छान, पण त्याचा माईक सुरू झाला की सगळं टेलिफोनसारखं चपटं होतं. हा बिघाड नाही, जोडणीची पद्धतच तशी आहे. स्वरांचा कस त्यातून कळत नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना येणारी गुणगुण चार्जर काढला की थांबते, तेव्हा तीही स्पीकरची नव्हे.

एक उणीव सांगायलाच हवी. अधूनमधून येणारा बिघाड नुसती फाइल लावून सापडत नाही. "मधला" चालू ठेवून वायर पिनेजवळ आणि कानाजवळ हळूच वाकवावी लागते. तसंच हेडफोनच्या गाद्यांचं. ऑगस्टमध्ये खर्ज पातळ वाटला म्हणून मी वायर तपासत बसले, तर गाद्या झिजून कानाभोवती फट पडली होती. नव्या गाद्या बसवल्या, खर्ज परतला.

सगळ्याला मिळून पाचेक मिनिटं लागतात. "डावा, उजवा, मधला" एवढा तुकडा आता सगळ्या विद्यार्थ्यांकडे दिलाय. ती यमनवाली मुलगी रेकॉर्डिंग पाठवण्याआधी तो स्वतः ऐकते आणि सोबत लिहिते, "ताई, मधला मधोमध आहे."