जुन्या केबल वायरवर वायफाय: अमळनेरला आमची झालेली फसवणूक

अमळनेर, पारोळा, धरणगाव या बाजूला सध्या एक पत्रक घरोघरी टाकलं जातंय. ‘जुन्या टीव्ही केबलवर नवं वायफाय. भिंत फोडायची नाही, वायर ओढायची नाही.’ हे पत्रक टाकणाऱ्या माणसाने आमच्याकडून १७,००० रुपये नेले. प्रकरण पोलिसांकडे आहे, म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही. पण त्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण त्याने सांगितलेली कल्पना खोटी नाही. नेटवर शोधून पाहिलं तर ती खरीच निघते, आणि तिथेच माणूस गाफील होतो.

आमचं घर जुन्या भागात. खालची बैठक आणि मजघर जुनं, धाब्याचं, भिंती दीड-दोन फूट रुंद. वरचा स्लॅबचा मजला आप्पांनी २००३ साली चढवला. तेव्हा घराघरात केबलचं वेड होतं, म्हणून वायरमनला सांगून त्यांनी प्रत्येक खोलीत टीव्हीची काळी गोल वायर कन्सील पाइपातून टाकून घेतली. पुढे २०१७ पर्यंत सेटटॉप बॉक्स सगळीकडे सक्तीचा झाला, एका टीव्हीला एक बॉक्स आला, आणि वरच्या खोल्यांतली ती वायर नुसती प्लेटमागे पडून राहिली. फायबरचं कनेक्शन आलं ते बैठकीत. त्याचा मोडेम ओट्याच्या भिंतीवर. त्या मातीच्या भिंती ओलांडून वायफाय मागच्या वरच्या खोलीत जात नाही. जिन्याच्या तोंडाशी एक-दोन कांड्या दिसतात, पुढे शून्य. लेक बारावीला, तिचे क्लास ऑनलाइन, आणि तिची खोली नेमकी तीच.

अशा घरात त्या पत्रकावर कुणाचीही नजर थांबेल.

माणूस आला तो नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र, बॅगेत क्रिम्पिंगची पक्कड, मीटर, टीव्हीच्या वायरीला लावायच्या एफ कनेक्टरची डबी. आप्पांशी थेट अहिराणीत सुरू झाला, “आप्पा, वायर तं तुमना घरमा शेच ना, मंग नवी कसाले टाकतस?” आप्पांशी कोणी अहिराणीत बोललं की पाच मिनिटांत तो घरचा होतो. माझ्याशी मात्र तो तांत्रिक बोलला. परदेशात याला मोका म्हणतात, केबलमधून इंटरनेट जातं, अडीच हजार एमबीपीएसपर्यंत वेग मिळतो. मोबाइलवर एक इंग्रजी व्हिडिओही दाखवला. १८,००० सांगितले, १४,००० वर आला. हे काम करणारा जिल्ह्यात दुसरा कोणी नाही, असंही म्हणाला. ज्या गावात १९४५ साली तेलाच्या गिरणीतून विप्रो उभी राहिली, त्या गावात हे वाक्य जरा जास्तच खपतं.

काम त्याने तासाभरात उरकलं. खाली मोडेमशेजारी एक पांढरा डबा, हिरवा दिवा लुकलुकणारा, वर निळं स्टिकर ‘मोका २.५ जी’. मोडेममधून लॅनची वायर त्या डब्यात, डब्यातून केबल भिंतीत. वर मुलीच्या खोलीत प्लेटमधून केबल एका बोटभर लांबीच्या काळ्या डबीत, डबीतून पुन्हा लॅनची वायर, आणि पुढे चार अँटेनांचा राउटर. गंमत अशी की प्लेट पलंगाजवळ आहे, पण राउटर त्याने लांब वायर टाकून जिन्याच्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. “इथून हवा खेळती राहते,” म्हणाला. हवेचा आणि त्या जागेचा संबंध काय होता ते पुढे कळलं.

मग त्याने आप्पांचा फोन स्वतःच्या हातात घेतला, आमच्या नावापुढे ‘मोका’ लावलेलं नवं नेटवर्क निवडलं, पासवर्ड स्वतःच टाकला आणि स्पीड टेस्ट लावली. काटा ९२ वर. मुलीने लगेच स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवला. त्या वेळी त्याचा स्वतःचा फोन खिडकीच्या फळीवर पालथा पडलेला होता. आप्पांनी यूपीआयने पैसे दिले. बिल मागितलं तर म्हणाला, “जीएसटीचं लावलं तर अठरा टक्के वाढतील, कशाला?”

तो जिना उतरून गल्लीबाहेर जाईपर्यंत वेग तीनवर आला होता.

फोन केला तर पहिलं उत्तर, नवी जोडणी आहे, रात्रभरात सेट होईल. नंतर, वरून लोड आहे. मग मे महिना लागला, पारा ४५ च्या आसपास, तेव्हा त्याला हक्काचं कारण मिळालं: “डबा तापतो भाऊ, खान्देशातलं ऊन कंपनीने कुठे पाहिलंय?” शेवटी तो पुन्हा आला आणि म्हणाला, बाहेरचा कचरा सिग्नलमध्ये शिरतोय, फिल्टर लावावा लागेल. पितळी, बोटाएवढा एक तुकडा केबलला लावून त्याचे ३,००० घेतले. त्यानंतर फोन लागत नाही.

उकल केली ती आमच्याकडे कॅमेरे बसवायला आलेल्या पोराने. सीसीटीव्हीवाले रोज याच गोल वायरशी खेळतात. त्याने वर जाऊन काहीही न विचारता भिंतीवरच्या प्लेटमधून केबलचा कनेक्टर फिरवून सोडवला. मुलीचा क्लास सुरूच राहिला. तसाच, अडखळत, पण सुरू. “काका, वायर तर काढली मी,” तो केबलचं टोक हातात धरून म्हणाला. म्हणजे इंटरनेट त्या वायरमधून येतच नव्हतं. कोनाड्यातला राउटर रिपीटर म्हणून लावलेला होता. जिन्याच्या तोंडाशी येणारी खालच्या मोडेमची ती क्षीण रेंज पकडायची आणि पुढे फेकायची, एवढंच त्याचं काम. असा राउटर हजार-बाराशेला मिळतो.

मग डबे उघडले. पांढऱ्या डब्याच्या पाटीवर छापलेलं होतं ४७–८६२ मेगाहर्ट्झ. केबलवाले टीव्हीचा सिग्नल वाढवायला खांबावर जो ॲम्प्लिफायर लावतात, तोच, धाकटा. त्याच्या कडेला भोक पाडून लॅनचं सॉकेट गरम गोंदाने चिकटवलेलं, आणि त्या सॉकेटच्या आठ पिनांपैकी एकीलाही मागे वायर नाही. वरची काळी डबी त्याहून सरस. तिच्यात दोन पिना केबलच्या मधल्या तारेला आणि बाहेरच्या जाळीला डाग देऊन जोडलेल्या, बाकी सहा रिकाम्या, आणि विजेचा पुरवठा कुठेच नाही. अशा डब्या ऑनलाइन दोन-तीनशेला मिळतात. त्या फक्त तोंडाचा आकार बदलतात. लॅनच्या वायरीत चार जोड्या असतात आणि तिचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १०० ओहम, टीव्हीच्या वायरीत एकच तार आणि ७५ ओहम. मध्ये सिग्नल बदलणारं यंत्र नसेल तर एकाचं दुसऱ्यात काही जात नाही.

कहर गच्चीवर होता. वरच्या खोलीची वायर जिथे खालच्या वायरीला मिळायला हवी, त्या पेटीत ती कधीच तुटलेली होती. जुन्या केबलवाल्याने कापून काळी टेप गुंडाळून ठेवलेली, टेपेवर खारीचे दात. म्हणजे त्या माणसाने खालची वायर वर पोहोचते की नाही हे मीटर लावूनसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याला गरजच नव्हती.

राहता राहिला तो ९२ चा आकडा. मुलीच्या स्क्रीनशॉटमध्ये आकड्याखाली इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. तिथे आमच्या फायबरवाल्याचं नाव नव्हतं, एका मोबाइल कंपनीचं होतं. खिडकीत पालथा ठेवलेला त्याचा फोन हॉटस्पॉट देत होता. हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड त्याने राउटरला दिलेलेच ठेवले होते, त्यामुळे तो गेल्यावर आमचे फोन आपोआप राउटरला चिकटले आणि वरवर काहीच बदललं नाही. मला या चलाखीचा राग येतो त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, आश्चर्य वाटतं. एवढं डोकं असलेला माणूस खरं काम करूनही पैसे कमावू शकला असता.

कारण खरी मोका काय असते ते आता नीट समजून घेतलंय. ‘मल्टिमीडिया ओव्हर कोॲक्स अलायन्स’ ही कंपन्यांची संघटना २००४ मध्ये झाली, तिने ठरवलेलं हे मानक. यात दोन अडॅप्टर लागतातच, एक राउटरजवळ आणि एक लांबच्या खोलीत, आणि दोघांनाही स्वतःचा वीजपुरवठा हवा. लांबच्या अडॅप्टरपुढे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीतून आलेलं नेट वायफायने खोलीत पसरवणारा डबा लावायचा. ते एकमेकांशी साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झवर बोलतात. केबल टीव्ही त्याच्या खाली, हजारच्या आत चालतो, म्हणून एकाच वायरीत दोन्ही नांदतात. पण आपल्याकडचे जुने स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या अनेक शाखा करणारे जोड, बहुतेक ५–१००० मेगाहर्ट्झचे, तसं त्यांच्यावरच छापलेलं असतं. मोकासाठी १६७५ पर्यंतचे घालावे लागतात. साधा केबल ॲम्प्लिफायर वाटेत असेल तर तो हा सिग्नल अडवतो, म्हणजे आमच्या खालच्या डब्याने खरी मोका असती तरी ती बंद पाडली असती. छत्रीवाल्यांनी तर यात पडूच नये: डीटीएचचा सिग्नल छत्रीपासून बॉक्सपर्यंत ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर येतो, दोघांची एकाच वायरीत टक्कर होते. फिल्टरही खरी वस्तू आहे. तो घरात केबल शिरते तिथे लावतात, म्हणजे आपला सिग्नल बाहेर शेजाऱ्यांकडे जात नाही. किंमत काही शे रुपये. आमच्याकडे तो मुलीच्या पलंगामागे लावला होता, शोभेला.

आणि किंमत. चांगल्या अडॅप्टरची जोडी अमेरिकेतच शंभर डॉलरच्या वर जाते. इथल्या दुकानात ती सहज मिळत नाही, मागवावी लागते. आयात मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असणं कायद्याने बंधनकारक आहे. आमचे डबे प्लास्टिकच्या पिशवीतून निघाले होते.

तक्रारीचं सांगतो. आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावला, मग पोलीस ठाण्यात अर्ज दिला. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेत. ते खरंही आहे. पोलिसांकडे अर्ज फसवणुकीचा, म्हणजे जुन्या ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. तिथल्या बाईंनी दोन गोष्टी नीट सांगितल्या. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणजे ‘तुम्हीच बिल घेतलं नाही’ हा त्याचा बचाव होत नाही. आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांत दाखल करावा लागतो, ऑनलाइनही करता येतो. अडचण एकच: दावा कुणाविरुद्ध, कुठल्या पत्त्यावर? ओळखपत्रावरचं नाव आणि यूपीआयवर आलेलं नाव वेगळं. पोलिसांनी यूपीआयचा धागा धरला तर ते खातं त्याच्या मेहुण्याचं निघालं. मेहुण्याने ठाण्यात येऊन ५,००० आप्पांना परत केले, बाकीचे ‘कापूस विकल्यावर’. कापूस विकून झालाय.

वरच्या खोलीचा प्रश्न शेवटी त्या सीसीटीव्हीवाल्या पोरानेच सोडवला. त्याने जुन्या गोल वायरीच्या टोकाला कॅट-६ ची (लॅनची) वायर टेपने पक्की बांधली, एकाने गच्चीतून ओढली, दुसऱ्याने खालून सोडली. एका वळणावर अडली, तिथे थोडं साबणाचं पाणी घातलं, मग सरकली. भिंत फुटली नाही. वायर, दोन प्लेटा, एक ॲक्सेस पॉइंट आणि त्याची मजुरी धरून चार हजारांच्या आत काम झालं. मुलीच्या खोलीत आता फायबरच्या प्लॅनएवढा पूर्ण वेग येतो, आणि या वेळी तो आम्ही आमच्याच फोनवर, मोबाइल डेटा बंद करून, कंपनीचं नाव वाचून तपासला. मग त्याच्यासमोर मुद्दाम वायर काढली. नेट बंद पडलं. आप्पा म्हणाले, “आते बरं शे.”

निळं स्टिकर लावलेला तसा डबा तुमच्या घरी असेल, तर आधी भिंतीतली केबल सोडवून पाहा. नेट तरीही चालूच राहिलं तर डबा उघडण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, यूपीआयची नोंद आणि पत्रक सोबत घ्या आणि आपापल्या ठाण्यात अर्ज द्या. अमळनेर ठाण्यात आमचा अर्ज आहे, त्याचा उल्लेख करा. ठाण्यातल्या हवालदारांनी आम्हाला स्पष्टच सांगितलं आहे की एकाच घरचा अर्ज असला की तो व्यवहाराचा वाद समजला जातो, तीन-चार घरचे आले की गुन्हा.