सातारा पोवई नाक्याजवळचं टायपिंगचं दुकान: माहिती अधिकाराचं अपील असेल तर इथंच जा

झेरॉक्स, स्टॅम्प, अर्ज टायपिंग असं सगळं करणारं छोटंसं दुकान आहे, बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. बाकीच्या कामांचं फार सांगत नाही, माहिती अधिकाराच्या कामाचं मात्र सविस्तर लिहिते कारण माझं हातातनं निघालेलं प्रकरण तिथल्या काकांमुळं वाचलं.

गावच्या रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्षात किती काम झालं याची सरकारी नोंदवही) मी माहिती अधिकारात मागितली होती (कार्यालयाचं नाव घेत नाही). तीस दिवसात काही नाही, पहिल्या अपिलात काही नाही, मग वीस रुपयांचं स्टॅम्प लावून राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. आयोगानं माहिती अधिकाऱ्याला शास्ती म्हणजे दंड लावला, दिवसाला २५० रुपयांप्रमाणं पूर्ण २५,०००, त्याच्यावर कायद्यात लावताच येत नाही. मला वाटलं संपलं. दोन महिन्यांनी घरी पाकीट आलं, त्यात त्याच अधिकाऱ्याचा आयोगाकडं केलेला पुनर्विलोकनाचा (दिलेला निर्णय परत तपासा म्हणणारा) अर्ज, कामाचा ताण होता, शास्तीचा आदेश मागं घ्यावा म्हणून. माझे हातपायच गळाले, म्हणलं आता परत पहिल्यापासनं सगळं?

काकांनी अर्ज वाचायच्या आधी विचारलं, "ताई, शास्ती लावायच्या आधी त्याला नोटीस मिळाली होती का?" मला काय माहीत. मग आयोगाचा मूळ आदेश त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचला, दुसऱ्या पानावर होतं, अधिकाऱ्यानं लेखी खुलासा दिला आणि सुनावणीला स्वतः हजर होता. काका म्हणले, "मग झालं."

त्यांनी जे समजावलं ते असं. माहिती अधिकार कायद्यात कलम २० शास्तीचं आहे, आधी म्हणणं मांडायची संधी द्या म्हणतं, पण आयोगानं स्वतःचाच निर्णय परत तपासावा असं कायद्यात कुठंच नाही. आणि कायद्यानं दिल्याशिवाय पुनर्विलोकनाचा अधिकार आपोआप येत नाही हे सुप्रीम कोर्टानं १९७० मध्येच सांगितलंय. दिल्ली हायकोर्टानं २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाबद्दल तेच धरलं, तो निकाल आपल्याकडं बंधनकारक नाही पण आधाराला चालतो. फक्त एक वाट आहे, ग्रिंडलेज बँकेच्या प्रकरणातल्या सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या निकालातली, नोटीसच पोचली नाही, ऐकूनच घेतलं नाही अशी कार्यपद्धतीतली चूक असेल तर ती दुरुस्त करता येते. मला हे पटलं, कारण नोटीस न देता कुणाचा पगार कापणं बरोबर नाहीच, मग तो अधिकारी का असेना. पण ऐकून घेतल्यावर दिलेला निर्णय नुसत्या विनंतीवर फिरायला लागला तर अर्जदारानं करायचं काय? शास्तीचा एक रुपया आपल्याला मिळत नाही, तो सरकारजमा होतो, तरी माणूस दोन दोन वर्षं पाठपुरावा करतो तो पुढच्याला माहिती वेळेत मिळावी म्हणून.

अधिकाऱ्याला निर्णय मान्य नसेल तर त्यानं हायकोर्टात रिट करावी, ऑगस्ट २०२५ पासनं आपल्या सातारा-सांगलीसाठी कोल्हापूरला बेंच पण सुरू झालंय.

काकांनी दीड पानात उत्तर बसवलं, मी रागानं चार पानं लिहून नेली होती ती बाजूला ठेवली, म्हणले भ्रष्टाचार बिष्टाचार शब्द काढा, खुलाशाची तारीख आणि हजेरी एवढंच वर घ्या. घेतले १५० रुपये. रजिस्टर एडी करायलाच लावली. मागच्या महिन्यात आदेश आला, पुनर्विलोकनाचा अर्ज नामंजूर, शास्ती कायम, वसुली पगारातनं. पुस्तिकेच्या प्रती पण आल्या, फुकट, कारण मुदत उलटल्यावर पैसे घेता येत नाहीत.

एक स्टार कमी देते कारण गर्दी फार आणि नंबरची काही पद्धत नाही, माझे अडीच तास गेले. सोमवारी जाऊ नका. आणि जाताना मूळ आदेश सगळ्या पानांसकट न्या, शेवटचंच पान घेऊन आलेल्या एका आजोबांना काकांनी माझ्यासमोर परत पाठवलं, ते बिचारे कोरेगावहून आले होते.