पतंगांचं चित्रपुस्तक आणि प्रिंट ऑन डिमांड: काही महिन्यांनंतरचा अनुभव

रात्री दिव्यावर येणारे पतंग हा माझा जुना नाद. त्यावर लहान मुलांसाठी ३२ पानांचं चित्रपुस्तक लिहिलं आणि प्रिंट ऑन डिमांडने स्वतःच काढलं. म्हणजे ऑर्डर येईल तेवढ्याच प्रती छापायच्या, घरात गठ्ठे रचायचे नाहीत. ज्या छपाईसेवेकडून काढलं तिचं नाव देत नाही. खाली लिहिलेलं बरंचसं या पद्धतीबद्दलच आहे.

आधी तक्रार, कारण माझ्या विषयाला तीच भोवली: काळा रंग. पुस्तक रात्रीचं, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पान गडद. स्क्रीनवर गडद निळ्याच्या छटा वेगवेगळ्या दिसत होत्या, पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे तपासायला छापून आलेल्या प्रतीत, सगळ्यांचा मिळून काळपट चिखल झाला. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. शिवाय स्क्रीनचे आरजीबी (लाल-हिरवा-निळा) रंग छपाईच्या चार शाईंत बसवताना दबतात ते वेगळंच. चित्रकाराने रात्र उजळ करून दिली, प्रत्येक पतंगाभोवती फिकट कडा सोडली, तेव्हा कुठे पुढची प्रूफ बघण्यासारखी झाली. आता तीच चित्रं स्क्रीनवर फिकी वाटतात. वाटू देत. पानं गडद असतील तर छापील प्रूफ हातात आल्याशिवाय ‘पब्लिश’ दाबू नका.

बांधणी गोंदाची, त्यामुळे पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. जोडपानभर पंख पसरलेला पतंग काढला की त्याचं धड नेमकं मधल्या फटीत गडप होतं. आमचे सगळे मोठे पतंग म्हणून एका बाजूला सरकलेले आहेत. कणा इतका बारीक की त्यावर नाव मावत नाही. ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र), ३०० डीपीआय (चित्राची बारकाई) वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं, ते सोडतो. मराठीसाठी एकच: इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडलेला नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

खरी मजा, आणि खरा त्रास, मजकुरात आहे. छंदाबद्दल लिहिताना काहीच वगळवत नाही. पतंगांच्या दीड लाखाहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, आणि ३२ पानांतून शीर्षक वगैरे वजा केलं की गोष्टीला चौदा-पंधरा जोडपानं उरतात. मुलांना वाचून दाखवलं की काय काढायचं ते लगेच कळतं. शास्त्रीय नावं पहिल्या फेरीतच गेली. टिकली ती दोन पानं: वटवाघळाला उलट ‘टिक-टिक’ आवाज करून चकवणारा पतंग, आणि मोठेपणी काहीच न खाणारा, अळी असताना साठवलेल्यावर जगणारा पतंग. ‘मग तो शी करतो का?’ हा प्रश्न हमखास येतो.

प्रिंट ऑन डिमांडने माझं सगळ्यात मोठं काम केलं ते इथे. पतंग दिव्याभोवती का फिरतात, याचं उत्तर देणारं संशोधन २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलं: उडताना ते पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ, म्हणून एरवी हे बरोबर चालतं. दिव्यापाशी मात्र तीच सवय त्यांना गोल फिरवते. हे शब्दांत लिहिलेलं पान मुलं सरळ उलटून पुढे जायची. मग मजकूर जवळपास काढून टाकला आणि जमिनीवरच्या दिव्यावरून जाताना उलटा होऊन कोसळणारा पतंग काढून घेतला. नवी फाइल चढवली, तपासणी झाली, पुढच्या ऑर्डरपासून नवं पान. हजार प्रती आधीच छापलेल्या असत्या तर ते पान तसंच राहिलं असतं.

विक्रीची फार आशा नको. रंगीत पानांचा छपाईखर्च प्रत्येक प्रतीमागे कापला जातो, हातात थोडंच उरतं. ओळखीचे लोक घेऊन झाले की ऑर्डरी मंदावतात. सेवेकडून फुकट मिळालेला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सहसा दुसऱ्या छपाईसेवेकडे नेता येत नाही. कधीतरी हलायचा विचार असेल तर स्वतःच्या नावाने घ्या. लेखकाला छपाईखर्चात मिळणाऱ्या प्रती मात्र चांगली सोय आहे, मी त्या वाचनालयांना देतो.

पुढचं पुस्तक अळ्यांवर आहे. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत भर दुपारी घडतं.