गरोदर लेकीसाठी घेतलेलं बीपीचं मशीन

लेक सातव्या महिन्यात माहेरी अमळनेरला आली आणि डॉक्टरीणबाईंनी घरी बीपी मोजायला सांगितलं. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घेतलं. मनगटावरचं स्वस्त होतं, पण बाई नकोच म्हणाल्या.

आकडे मोठे, चष्म्याविना दिसतात. सेलवर चालतं, त्यामुळे लाइट गेली तरी अडत नाही. पट्टा मात्र लेकीच्या दंडाला तोकडा. घट्ट पट्ट्याने बीपी खोटंच वाढीव दिसतं. मोठा वेगळा घ्यावा लागला. पाच मिनिटं टेकून, न बोलता बसायचं. आमच्या घरात हेच अवघड!

खोक्यावर गरोदरपणाचा उल्लेखच नाही. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या गंभीर आजारात, काही मशीनं बीपी कमी दाखवतात, म्हणून गरोदर बायांवर तपासलेलं मॉडेल मागा. आम्ही दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहिलं, जुळलं. १४०/९० ला पोचलं की डॉक्टरांना कळवायचं. सोबत डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर थेट दवाखाना.

लेकीला ॲस्पिरिनची छोटी गोळी तिसऱ्या महिन्यापासून चालू आहे. २०१७ च्या ॲस्प्रे नावाच्या औषधचाचणीत जोखमीच्या बायांना रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला होता. मशीन असल्या गोळीची जागा घेत नाही, नुसतं लक्ष ठेवतं.

चार तारे. एक पट्ट्यापायी कापला.